मोरपंखी काठाचे फडके

"हात!"

आठ मुलांनी सोळा हात पुढे केले. तळवे वर, बोटे पसरलेली. शनिवारी सकाळी नऊला आमचा वर्ग असाच सुरू होतो. जिन्याच्या वळणावर एक छोटे बेसिन आहे. तिथे नळाला जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगलेली असते. तिथे हात धुतल्याशिवाय कोणी गिटारला हात लावायचा नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला धडा. सूर त्यानंतर.

"बिस्किटाचा वास येतोय," मी म्हणालो.

"सर, मी दोनदा धुतले," टकळी म्हणाली. तिचे हे नाव मुलांनीच ठेवले आहे आणि तिला ते आवडते.

"दोनदा?"

"एकदा बिस्किट खायच्या आधी. आणि एकदा त्याच्याही आधी."

सगळे हसले. मीही हसलो आणि तिला पुन्हा खाली पिटाळले. रांगेच्या शेवटी नवी मुलगी उभी होती. वय वर्षे नऊ. येऊन तीनच आठवडे झाले होते. इतक्या हळू बोलायची की मुलांनी तिला हळूबाई करून टाकले होते. तिच्या तळव्यांवर पाणी चमकत होते.

"पुसले नाहीस?"

"पुसले सर. परत ओले होतात."

मी मान हलवली आणि पुढे गेलो. मुले काहीही सांगतात. चाळीस वर्षे शिकवल्यावर माणसाला वाटते, आपल्याला सगळी कारणे पाठ आहेत.

शाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षे झाली. मुलांशिवाय करमेना, म्हणून सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली घेतली. खाली हवा भरायच्या पंपाचा फुसफुस आवाज, वर आमचे सूर. येणाऱ्या मुलांपैकी फार थोडी पुढे वाजवत राहतात, हे मला माहीत आहे. पण वस्तू कशी वापरावी आणि वापरून झाल्यावर कशी ठेवावी, एवढे त्यांना आले तरी माझी सकाळ कारणी लागली असे मी समजतो.

तारेचे तीन शत्रू, असे मी त्यांना सांगतो. घाम, धूळ आणि 'उद्या पुसतो'. वाजवून झाले की कोरडे फडके घ्यायचे, तार फडक्यासकट अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची आणि गिटारच्या मानेपासून पार खालपर्यंत न्यायची. एकेक तार, सहाही. मग फडके सगळ्या तारांच्या खालून सरकवायचे, कारण मळ खालच्या बाजूला दडून बसतो. वरून सगळेच पुसतात. खालूनही पुसतो तो वादक. जाड तारांवर बारीक तारेची गुंडाळी असते, तिच्या खाचांत तर जास्तच. एवढी पाच मिनिटे रोज दिली तर एका महिन्याची तार तीन महिने गोड बोलते.

त्यासाठी प्रत्येक नव्या मुलाला एक फडके मिळते. मऊ फ्लॅनेलचे, वीतभर चौकोनी. आमची ही शाळेच्या दिवसांपासून ती शिवते आहे. दर वर्षी काठाचा दोरा वेगळ्या रंगाचा, म्हणजे जुन्या-नव्या मुलांची फडकी मिसळत नाहीत. यंदा पिवळा.

आणि सगळे शिकवून झाल्यावर मी माझे एक वाक्य म्हणतो. "तार खोटं बोलत नाही." तुम्ही पुसली की नाही ते तीच सांगते. मग मी खिशातला पांढरा रुमाल काढतो, तारांच्या खालून फिरवतो आणि सगळ्यांना दाखवतो. मुलांना हा खेळ फार आवडतो. ज्याचा रुमाल काळा निघतो त्याला सोडून.

त्या दिवशी मी हळूबाईची गिटार हातात घेतली. वर्गाचीच गिटार, मुलीला घरी न्यायला दिलेली. तारा मी स्वतः तीन आठवड्यांपूर्वी नव्या चढवल्या होत्या. पहिल्या दोन बारीक तारा तांबूस झाल्या होत्या. बोट फिरवले तर पॉलिश पेपरवरून फिरल्यासारखे वाटले.

"किती वेळा पुसल्यास गं?"

"रोज."

"रोज?"

टकळीला राहवेना. बोट नाचवत ती म्हणाली, "तार खोटं बोलत नाही!"

अगदी माझ्या सुरात, माझ्यासारखीच मान तिरकी करून. मुले खिदळली. मला मात्र ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसेसेच झाले. हळूबाई रडली नाही. तिने खाली बसून गिटारच्या पिशवीचा पुढचा कप्पा उघडला, आतून फडके काढले आणि माझ्यासमोर धरले. साक्षीदार उभा करावा तसे.

ते पिवळ्या काठाचे नव्हते.

"हे कुठलं? तुझं फडकं कुठाय?"

"ते आईने ठेवून दिलंय. म्हणाली, आधी हे वापर. हे चांगलं मुरलंय."

मी ते हातात घेतले. इतके विरलेले की खिडकीसमोर धरले तर पलीकडचा गज दिसावा. मधोमध लालसर, काळपट रेघा, एकीवर एक बसलेल्या, कितीही धुतले तरी न जाणाऱ्या. काठाचा दोरा विटून कशाचाच रंग राहिला नव्हता. फक्त एका कोपऱ्यात, जिथे कापड दुमडून टीप मारली होती तिथे आत थोडासा शिल्लक होता. मोरपंखी.

मोरपंखी एकच वर्ष होता. तो दोरा मशीनमध्ये सारखा गुंतायचा आणि ही वैतागून म्हणाली होती, "पुन्हा हा रंग माझ्या पुढ्यात आणू नका."

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

तेव्हा शाळेत सहा गिटारी होत्या आणि एक मुलगी होती. अकरा वर्षांची. तिचा कान असा की मी तार छेडताच ती मागच्या बाकावरून सांगायची, "सर, तिसरी उतरलीय." असा कान शिकवून येत नाही. मी खूश होतो. वार्षिक कार्यक्रमात एकटीने वाजवायला मी तिचीच निवड केली आणि सरावासाठी एक गिटार घरी न्यायला दिली. एक छोटी धून होती, दोन भागांची. पहिला भाग तिला आठवड्यात आला. दुसरा मी नंतर शिकवणार होतो.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. दर दहा दिवसांनी तिच्या तारा लाल व्हायच्या. मी एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा आवाज चढवला. तिचे उत्तर ठरलेले. "पुसते सर."

तालमीच्या दिवशी सगळा वर्ग बसला होता. ती वाजवत होती आणि पहिला भाग संपता संपता पहिली तार तुटली. टक् करून. तेवढाच आवाज. मी उठलो, तिच्या हातातून गिटार काढून घेतली आणि ती लोंबणारी तार वर्गाला दाखवली.

"बघा. ज्याला पुसायला पाच मिनिटं मिळत नाहीत त्याला वाजवायलाही मिळू नयेत. तार खोटं बोलत नाही."

आणि ती गिटार मी तिच्या शेजारच्या मुलाच्या मांडीवर ठेवली.

त्या वेळी तिच्या मुठीत काहीतरी गच्च धरलेले होते. मला ती मूठ अजून दिसते. 'मूठ उघड' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी तारा तपासल्या, रुमाल तपासला. तिचे फडके कधी पाहिले नाही.

पुढच्या आठवड्यात तिने संगीत सोडून चित्रकला मागितली. अर्जावर सही मीच केली. मनात म्हणालो, चला, धडा तरी शिकली.

"सर," हळूबाई म्हणत होती, "फडकं देता ना परत?"

मी दिले. मग खिशातून रुमाल काढून तिच्या तारांखालून फिरवला. तांबूस निघाला. गुंडाळीच्या तारेच्या खाचांत नखाचे टोक घालून पाहिले. मळाचा कण नव्हता. ज्याने पुसलेलेच नाही त्याच्या तारेवर काळा चिकट थर असतो; तो इथे नव्हताच. तार घासूनपुसून स्वच्छ होती आणि तरीही गंजलेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी समजत होते.

वर्ग सुटल्यावर मी खिडकीतून पाहिले. तिची आई खाली सायकलच्या दुकानापाशी उभी होती. ती दर वेळी तिथेच थांबायची, वर कधी आली नव्हती. मला वाटायचे, घाईत असेल. खाली जायला सतरा पायऱ्या होत्या. मी गेलो नाही.

घरी जेवताना मी विषय काढला. सहज विचारल्यासारखे. "काय गं, एखादी तार रोज पुसूनही गंजते का?"

"तार माहीत नाही. सुई गंजते," ही म्हणाली. "काहींचे हातच तसे असतात. माझी धाकटी मावशी नव्हती का? तिच्या हातात सुई टिकायची नाही. चार दिवसांत लाल. आजी म्हणायची, बाई, तू शिवू नकोस, तू नुसती गप्पा मार."

माझा घास हातातच राहिला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? चाळीस वर्षं फडकी शिवतेय मी. त्यांनी कोण काय पुसतंय ते मला कोण सांगतंय?"

मग मी सांगितले. मुलगी, तालीम, तुटलेली तार, मूठ, सगळे. इतक्या वर्षांत घरी एकदाही बोललो नव्हतो. बोलण्यासारखे त्यात काही आहे असे वाटलेच नव्हते. हिने मध्ये एकच प्रश्न विचारला.

"सगळ्यांसमोर?"

"हो."

ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकलं होतं. तुम्ही तर पोरीचे हात बघून तिलाच अवलक्षणी ठरवलंत." आणि माझे अर्धे ताट तसेच उचलून आत गेली.

पुढच्या शनिवारी मी मुलांना गोल करून बसवले.

"आज सर कुठे चुकले ते शिकायचंय."

एवढा आनंद मुलांना कुठल्याच धड्याचा झाला नव्हता. टकळी तर गुडघ्यांवर उभी राहिली.

मी दोन रुमाल काढले. एक कपाटातल्या धूळ खात पडलेल्या गिटारच्या तारांखालून फिरवला. काळा. दुसरा हळूबाईच्या. तांबूस. "काळा म्हणजे मळ. तो आळसाने येतो. तांबूस म्हणजे गंज. तो कधी आळसाने येतो, कधी दमट हवेने, आणि कधी नुसताच हाताने. काही माणसांचा घाम जास्त खारट, जास्त आंबट असतो. त्यात त्यांचा काही दोष नाही. उंची असते तसा घाम असतो."

"म्हणजे सर, तार खोटं बोलली?" टकळीने विचारले.

"नाही. ती खरंच सांगत होती. सरांना वाचता आलं नाही."

"सर नापास!"

"नापास."

टाळ्या पडल्या. मग मी हळूबाईला शेजारी बसवून अशा हातांनी काय करायचे ते सगळ्यांना दाखवले. हात धुऊन नुसते पुसायचे नाहीत, पूर्ण वाळू द्यायचे. फडके मांडीवरच ठेवायचे आणि शेवटी एकदाच न पुसता प्रत्येक धुनेनंतर पुसायचे. आठवड्यातून एकदा फडक्याच्या टोकाला थेंबभर स्पिरिट लावून तारा पुसायच्या, लाकडाला मात्र ते लागू द्यायचे नाही. वर पातळ लेप दिलेल्या तारा मिळतात, त्या जास्त टिकतात. तशा मी आणूनच ठेवल्या होत्या. आणि एवढे करूनही गंजल्या तर बदलायच्या. रागवायचे नाही. हे शेवटचे मी मुलांना सांगत होतो की स्वतःला, कोण जाणे.

हळूबाई आपल्या तळव्यांकडे बघत होती. मग नेहमीपेक्षाही हळू म्हणाली, "आईचं पण असंच असेल?"

"काय?"

"तिचे हात पण असेच आहेत. ती म्हणते, आपण कमी पुसतो म्हणून होतं. मी पुसलं की ती परत पुसते. मग म्हणते, अजून नीट नाही झालं."

खोलीत मुले बोलत होती, खाली पंप फुसफुसत होता. एकतीस वर्षे ती बाई समजत होती की आपणच कमी पडतो.

"वर्ग सुटला की आईला वर बोलाव," मी म्हणालो. "म्हणावं, सरांनी सांगितलंय. तक्रार नाहीये म्हणावं."

ती आली आणि दारातच उभी राहिली. बेचाळिशीची, केस घट्ट बांधलेले. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, हे मुलीने सांगितले होते. मला तो चेहरा ओळखू आला नसता. पण दोन्ही हातांच्या मुठी तिने मिटलेल्या होत्या, त्या आल्या.

"नमस्कार सर."

"ओळखलंस मला?"

"ओळखलं ना. म्हणून तर वर येत नव्हते." ती हसली आणि लगेच थांबली. "हिचं काही चुकलं का? मी रोज बघते सर, माझ्यासमोर बसून पुसते ती. मी स्वतः परत—"

"तिचं काही चुकत नाही," मी म्हणालो. "तुझंही चुकलं नव्हतं."

मग हातांचे, घामाचे, मळाचे आणि गंजाचे, मुलांना सांगितले ते सगळे मी तिला पुन्हा सांगितले. शिकवायची सवय असते माणसाला. माफी मागायची नसते. म्हणून तीही मी धडा दिल्यासारखीच मागितली, तुकड्यातुकड्यांत. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी दोनदा पुसायचे सर. रात्री एकदा आणि शाळेत यायच्या आधी एकदा. तालमीच्या दिवशी तर वर्गाबाहेर उभी राहून तिसऱ्यांदा पुसल्या. मग वाटलं, आपल्याला पुसताच येत नाही."

"चुकलं माझं."

"असू दे सर. तुम्हाला तरी काय माहीत!" तिने मुलीची पिशवी खांद्यावर घेतली. "अजून सवय आहे मला. कुलूप, नळ, दाराची कडी, हात लावला की पुसते. हे हसतात. म्हणतात, घरात चोर शिरला तरी ठसे सापडायचे नाहीत."

तिने ते मला हसू यावे म्हणून सांगितले होते, म्हणून मी हसलो.

"माहीत नव्हतं हे खरं," मी म्हणालो. "पण विचारलं नाही, हेही खरं."

मी माझी गिटार स्टँडवरून उचलली आणि तिच्यापुढे धरली. तारा गेल्याच आठवड्यातल्या, लख्ख.

ती एक पाऊल मागे सरकली. "नको सर. तारा खराब होतील."

"होऊ देत."

"कामाला अकराला पोहोचायचंय."

"अजून वेळ आहे."

तिने दोन्ही तळवे कपड्यांना पुसले. मग पुन्हा एकदा पुसले. दिवसभर हातमोज्यांत असणारे ते हात फिकट आणि सुरकुतलेले होते. ती स्टुलाच्या अगदी कडेला बसली आणि बोटे तारांवर टेकवली. पहिले दोन सूर चुकले. तिसऱ्यापासून बोटांना रस्ता सापडला. हळूबाई आईकडे तोंड उघडे टाकून बघत होती. तिला हे कोणी कधी सांगितलेच नव्हते.

धून चालत चालत एका जागी आली आणि थांबली.

"इथे तुटली होती," ती म्हणाली.

"हो."

"पुढचं येत नाही."

"पुढचं मी शिकवलंच कुठे? बस, आत्ता सांगतो."

तिने घड्याळ पाहिले. "उशीर होईल सर." आणि उठली. उठता उठता तिचा हात आपोआप मुलीच्या पिशवीच्या कप्प्यात गेला आणि ते विरलेले फडके बाहेर आले.

"राहू दे," मी म्हणालो. "पुसू नकोस."

"अशीच ठेवून जायची?"

"अशीच."

तिला ते जड गेले. गिटार स्टँडवर टेकवून ती फडके हातात धरून उभी राहिली. पुसायला वाकली, माझ्याकडे बघितले आणि सरळ झाली. मग फडक्याची घडी करून मुलीच्या हातात दिली आणि दोघी जिना उतरल्या.

या गोष्टीला आता महिना झाला. हळूबाई येते. तिच्या नव्या तारा अजून चांगल्या आहेत. आता हात बघून झाले की मी फडकीही बघतो. मुले ती परीक्षेच्या पेपरासारखी पुढे करतात. आई खाली दुकानापाशी थांबते. मी खिडकीत गेलो की मान वर करून हात हलवते. आजपर्यंत पुन्हा वर आलेली नाही. प्रयोगशाळेत माणसे कमी आहेत, असा निरोप दोनदा आला.

परवा टकळीने माझी गिटार निरखून पाहिली आणि तिला घबाडच सापडले.

"सर! तुमची तार गंजलीय! सर पुसत नाहीत!"

मुले धावत जमली. पहिल्या तारेवर, मानेच्या सुरुवातीला पाच लालसर ठिपके होते. बारीक, तिळाएवढे, बोटे जिथे टेकली तिथेच.

"तार खोटं बोलत नाही," टकळी म्हणाली, पण प्रश्न विचारल्यासारखी.

"नाही बोलत," मी म्हणालो.

"मग बदला ना."

"बदलू."

मी ती बदललेली नाही. पाच ठिपक्यांच्या पुढे ती तार अजून लख्ख आहे.